घरी पद्मिनी रंगवायची, तर कॉम्प्रेसर आणि गन कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रीमियर पद्मिनी घरच्या गॅरेजमध्ये उघडून ठेवली आहे, पत्र्याचं काम संपलं आहे आणि प्राइमरपासून शेवटच्या रंगापर्यंत सगळं घरीच मारायचं आहे. वीज सिंगल फेज. २ एचपी, ५० लिटरचा कॉम्प्रेसर आणि एचव्हीएलपी (कमी दाबावर पण भरपूर हवेवर चालणारी) गन घेतली तर चालेल का?

ही जोडी चालणार नाही. कॉम्प्रेसर वाईट आहे किंवा गन वाईट आहे असं नाही, पण गनला लागते तेवढी हवा तो कॉम्प्रेसर देऊ शकत नाही. घरी रंगकाम करणारे बहुतेक जण आधी गन निवडतात, मग बजेटमध्ये उरलेल्या पैशांत कॉम्प्रेसर घेतात. क्रम उलटा हवा. घरात किती हवा तयार करता येईल हे आधी ठरवा, त्या हवेत चालेल अशी गन मग शोधा, आणि नोजल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते तोंड, सगळ्यात शेवटी. रंग संत्र्याच्या सालीसारखा उठणं, कोरडा खरखरीत बसणं, मध्येच गन थुंकणं या तक्रारींत हाताचा दोष असतो त्यापेक्षा हवेचा दोष जास्त वेळा असतो.

कॉम्प्रेसरच्या स्टिकरवरचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा याचा) आकडा बहुधा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे सिलिंडर मिनिटाला किती हवा ओढतो त्याचा. बाहेर पडणारी हवा, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, त्याच्या ६५ ते ७० टक्के धरावी. मोटारला थेट जोडलेल्या, २८०० आरपीएमवर फिरणाऱ्या छोट्या मोनोब्लॉक मशीनमध्ये ती याहूनही कमी भरते. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर. ढोबळमानाने असा २ एचपीचा मोनोब्लॉक मिनिटाला ११० ते १२० लिटर देतो, पट्ट्यावर चालणारा २ एचपीचा १५० च्या आसपास आणि पट्ट्यावरचा ३ एचपीचा २४० च्या आसपास.

विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज नाही, दुकानातच मोजता येतं. टाकीचा बाहेरचा कॉक बंद करा, मशीन चालू करा आणि गेज ४ बारवरून (बार हे दाबाचं माप) ७ बारवर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. टाकीचे लिटर गुणिले वाढलेले बार, भागिले मिनिटं. १०० लिटरच्या टाकीला २ मिनिटं लागली तर १०० × ३ ÷ २ = १५० लिटर. टाकीतली हवा गरम असल्यामुळे आकडा जरासा फुगतो, म्हणून त्यातून १० टक्के वजा करा. जुना कॉम्प्रेसर घेताना तर ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊच नका. व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेलेलं मशीन आवाजावरून ओळखू येत नाही, या वेळेवरून लगेच ओळखू येतं.

आता गनची भूक. पूर्ण आकाराची एचव्हीएलपी गन २ बारला मिनिटाला साधारण ३५० ते ४३० लिटर खाते. तिच्या एअर कॅपवर, म्हणजे नोजलभोवतीच्या हवेच्या भोकांच्या टोपीवर, दाब १० पीएसआयच्या (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय) आतच राहतो. इतक्या कमी दाबात रंग बारीक फोडायचा तर हवेचं प्रमाण भरपूर लागणारच. त्याचा फायदा मोठा आहे: ६५ टक्के किंवा जास्त रंग पत्र्यावर बसतो. जुन्या पद्धतीच्या, ४० ते ५० पीएसआयवर चालणाऱ्या गनमध्ये हे प्रमाण ३०-४० टक्क्यांपर्यंत खाली येतं, बाकीचा रंग धुकं होऊन गॅरेजभर उडतो. या दोन्हींच्या मधली रिड्यूस्ड प्रेशर गन असते. काही कंपन्या तिला आरपी म्हणतात, काही कम्प्लायंट. ती २ बारला साधारण २७० ते ३०० लिटर खाते आणि रंगाची बचत जवळजवळ एचव्हीएलपीइतकीच करते. चौथा प्रकार एलव्हीएलपी, जिला १०० ते १८० लिटर पुरतात, पण तिचा पंखा, म्हणजे फवाऱ्याचा पट्टा, अरुंद असतो.

या आकड्यांत टाकी घालून पाहा. टाकी ८ बारवरून ४ बारपर्यंत उतरली तर दर लिटरमागे ४ लिटर मोकळी हवा मिळते. ५० लिटरच्या टाकीतून २०० लिटर. ४०० खाणारी गन आणि ११० देणारा कॉम्प्रेसर म्हणजे दर मिनिटाला २९० लिटरची तूट. २०० लिटर संपायला ४० सेकंद पुरतात. मोटर दाब उतरल्यावरच सुरू होते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. पद्मिनीच्या बॉनेटचा एक कोट तेवढ्यात होत नाही. ट्रिगर दाबलेलाच असतो, दाब हळूहळू ढासळत असतो आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला उजव्यापेक्षा जाड थेंब बसतात. याउलट ३ एचपी, २४० लिटर देणारा, १५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आणि २८० खाणारी आरपी गन ही जोडी घ्या. तूट ४० लिटरची, टाकीत शिल्लक ६०० लिटर. तुमचा हात थकेल, हवा संपणार नाही.

म्हणून गॅरेज आणि वीज परवानगी देत असेल तर माझी शिफारस हीच: पट्ट्यावर चालणारा ३ एचपी, १५० लिटरच्या आसपास टाकी, आणि १.३ मिलिमीटर नोजलची आरपी गन. वीज फक्त २ एचपी सोसत असेल तर एलव्हीएलपी घ्या आणि तिच्या मर्यादा आधीच मान्य करा. पंखा १५ ते १८ सेंटिमीटरचा, त्यामुळे पट्टे जास्त मारावे लागतात. दारं, मडगार्ड, बॉनेट, डिकी यांना त्याने काही अडत नाही. खरी परीक्षा टपाची असते. टप दोन्ही बाजूंनी मारावा लागतो. एका बाजूचा कडेपासून मधोमधपर्यंत मारून पलीकडे जाईपर्यंत मधली ओली कड सुकली, तर तिथे खरखरीत पट्टा उठतो. संथ हार्डनर (रंग कडक करण्यासाठी त्यात मिसळायचा द्रव) आणि संथ थिनर वापरले की ती कड जास्त वेळ ओली राहते. एलव्हीएलपीवर टप याच पद्धतीने निघतो.

छोटा कॉम्प्रेसर आधीच असेल तर दुसरी टाकी मागे जोडून साठा वाढवता येतो. पण ती टाकी कॉम्प्रेसरसाठीच बनलेली आणि हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) झालेली हवी. भंगारातल्या सिलिंडरला सॉकेट वेल्ड करून हवा भरणं हा जिवाशी खेळ आहे.

विजेचं बघा. ३ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १३ ते १५ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर याच्या कितीतरी पट. वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते पाहा, वायरमनकडून स्वतंत्र लाइन ओढून घ्या, वायर तांब्याची ४ चौरस मिलिमीटर. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. कॉम्प्रेसर बोर्डाजवळ ठेवून हवेची नळी लांब घ्या, वायर लांब करू नका. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या भागात सकाळीच काम उरका. कमी व्होल्टेजवर मोटर सुरू व्हायला धडपडते आणि कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळतं.

पाणी हा आपल्या हवामानातला सगळ्यात मोठा शत्रू. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. २४० लिटर देणारा कॉम्प्रेसर तासभर सलग चालला तर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास बाष्प आत ओढतो. हवा ७ बारपर्यंत दाबून थंड झाली की त्यातलं पाव लिटरहून जास्त पाण्याच्या रूपात सुटतं. ते टाकीत, नळीत किंवा तुमच्या ओल्या रंगावर कुठेतरी पडणारच. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावलेला वॉटर ट्रॅप इथे फसवतो. तिथे हवा गरम असते, पाणी अजून बाष्पच असतं आणि ट्रॅपला फक्त थेंब पकडता येतात.

उपाय स्वस्त आहे. कॉम्प्रेसर आणि ट्रॅप यांच्यामध्ये १० ते १५ मीटर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) किंवा तांब्याचा पाइप भिंतीवर वर-खाली फिरवा, प्रत्येक खालच्या टोकाला ड्रेन कॉक द्या आणि ट्रॅप शेवटी बसवा. हवा वाटेत थंड होते, पाणी पाइपातच सुटतं. पीव्हीसी पाइप हवेसाठी कधीही वापरू नये. तो फुटतो तेव्हा चिरत नाही, त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. ट्रॅपनंतर तेल पकडणारा बारीक कोअलेसिंग फिल्टर लावा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत काम करत असाल तर त्यापुढे सिलिका जेलचा ड्रायरही. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं. टाकीखालचा कॉक रोज काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर उघडा.

दुकानात फिल्टर मागितला की पुष्कळदा एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) युनिट हातात देतात. त्यातला शेवटचा भाग ल्युब्रिकेटर असतो, तो हवेत मुद्दाम तेल सोडतो. इम्पॅक्ट रेंचसारख्या हवेवरच्या हत्यारांसाठी तो बरोबर आहे, रंगाच्या लाइनवर तो असला की माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडलेच म्हणून समजा. फक्त फिल्टर-रेग्युलेटर मागा. याच कारणाने, ज्या नळीवर आधी न्यूमॅटिक हत्यारं चालली आहेत ती नळी रंगाला वापरायची नाही. हवेत तेल येतं का ते पाहायला स्वच्छ आरशावर दोन मिनिटं हवा सोडा आणि बोट फिरवा. तेलकट लागलं तर तो दोष आधी काढा.

नळी आतून कमीत कमी ८ मिलिमीटर, शक्यतो १० मिलिमीटर आणि सरळ रबराची. बाजारातली निळी गुंडाळलेली कॉइल नळी आतून ५-६ मिलिमीटरची असते. तिच्यात दाब इतका पडतो की रेग्युलेटरवर ३० पीएसआय दाखवतं आणि गनला १८-२० मिळतात. क्विक कपलरही मोठ्या भोकाचे घ्या. गनच्या मुठीखाली एक छोटा गेज-रेग्युलेटर बसवा आणि दाब नेहमी ट्रिगर ओढलेला असताना वाचा. हवा वाहत नसतानाचा आकडा निरुपयोगी असतो.

आता गन. रंगाच्या दुकानात पायलट, अनेस्ट इवाता, डेव्हिलबिस, साटा ही नावं ऐकू येतील. साटा किंवा इवाताची वरच्या दर्जाची गन अप्रतिम असते, पण एका गाडीसाठी तो खर्च करण्यापेक्षा तोच पैसा हवा सुकवण्यावर आणि मास्कवर घालवा. पाहायचं ते एवढंच: नोजल आणि नीडल (नोजल उघडणारी-बंद करणारी आतली सुई) स्टेनलेस स्टीलची, एअर कॅप पितळेची आणि नोजल-नीडल-कॅपचा संच सुटा मिळतो का. सुटे भाग मिळत नसतील तर ती गन घेऊ नका. तीन नोजल, दोन कप आणि पेटीसह मिळणाऱ्या स्वस्त सेटमध्ये तिन्ही नोजलना बहुधा एकच एअर कॅप असते. म्हणजे प्राइमरचा आणि क्लिअरचा (सगळ्यात वरच्या पारदर्शक थराचा) पंखा एकाच कॅपमधून काढायचा, जे धड जमत नाही.

कप वर असलेली ग्रॅव्हिटी गनच घ्या, ६०० मिलिलिटरची. खाली डबा लटकणाऱ्या सक्शन गनला रंग वर ओढायला जास्त हवा लागते आणि डब्याच्या तळाशी रंग उरतो. गॅरेजवाल्यांकडे त्या भरपूर दिसतात, कारण त्यांच्याकडे हवेची चणचण नसते.

एका गनवर सगळं भागवू नका. प्राइमरला स्वस्त गन चालेल. एपॉक्सी प्राइमरला १.५ किंवा १.६ नोजल, सरफेसरला (पत्रा सपाट करणाऱ्या जाड प्राइमरला) १.७ ते १.८. रंगाला १.३ आणि क्लिअरला १.३ किंवा १.४ ची चांगली गन. तिच्यातून प्राइमर कधी जाऊ द्यायचा नाही. सरफेसरमधली खनिज भुकटी नोजलचं तोंड घासते, आणि एक कण जरी मागे राहिला तरी तो शेवटच्या कोटातच बाहेर येतो. दारांच्या आतल्या कडा, बिजागऱ्यांच्या खाचा, इंजिनच्या कप्प्याचे कोपरे यासाठी ०.८ किंवा १.० ची छोटी टच-अप गन फार उपयोगी पडते. पद्मिनीत अशा जागा बऱ्याच आहेत.

भिंती रंगवायच्या इलेक्ट्रिक हँड-स्प्रेयरबद्दल नेहमी विचारलं जातं. गाडीखालच्या अंडरकोटिंगपलीकडे त्याचा उपयोग नाही, थेंब फार मोठे. हवेशिवाय, पंपाच्या दाबाने रंग मारणारं एअरलेसही गाडीसाठी नाही. तीन-चार स्टेजच्या टर्बाइनवर (ब्लोअरवर) चालणारी एचव्हीएलपी मात्र गंभीर पर्याय आहे: कॉम्प्रेसर नको, टाकी नको, हवा कोरडी. अडचण ही की टर्बाइनची हवा गरम असते. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये रंग पत्र्यावर पोहोचायच्या आत सुकू लागतो. थंडीत, संथ थिनर घालून, ती छान काम देते.

कोणता रंग मारणार यावर मास्क ठरतो, आणि या बाबतीत तडजोड करू नका अशी कळकळीची विनंती आहे. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा, दोन भागांचा पॉलियुरेथेन) रंग, पीयू क्लिअर, पीयू सरफेसर या सगळ्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांत गेलं तर दमा होऊ शकतो. शरीर एकदा त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो आणि ती संवेदनशीलता सहसा जात नाही. त्याचा वास धोक्याच्या आधी येत नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. रुमाल किंवा धुळीचा मास्क म्हणजे काहीच नाही. योग्य साधन म्हणजे बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क. त्याची हवा श्वासासाठी बनवलेल्या ऑइल-फ्री पंपातून यायला हवी, रंगाच्या तेलाच्या कॉम्प्रेसरमधून नव्हे. अगदी किमान म्हणजे चेहऱ्याला घट्ट बसणारा कार्बन कार्ट्रिज आणि पी३ (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क. कार्ट्रिज ताजं, काम थोड्या वेळाचं. दाढी असेल तर तो बसत नाही. डोळे झाकणारा चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण अंगाचा सूट. मारणं थांबल्यावरही धुकं हवेत तरंगत असतं, मास्क लगेच काढू नका.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिना किंवा शेजाऱ्यांच्या खिडक्या जवळ असतील तिथे टू-के पीयू मारूच नका. तुम्ही मास्क घातला आहे, वरच्या मजल्यावरच्या मुलाने घातलेला नाही. अशा वेळी गाडी प्राइमरपर्यंत तरी घरी आणि शेवटचा रंग भाड्याच्या बूथमध्ये हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण एपॉक्सी प्राइमर मारतानाही मास्क हवाच.

ज्याला आपण ड्युको म्हणतो तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आयसोसायनेटमुक्त असतो, थिनर भरपूर लागतो, साध्या गनने मारता येतो आणि चूक झाली तर पेपर मारून लगेच पुढे जाता येतं. थिनरची वाफ मात्र त्यातही घातकच. शिवाय पेट्रोल सांडलं की टाकीच्या झाकणाभोवती रंग मऊ होतो, वर्ष-दोन वर्षांनी पॉलिश लागतं आणि पावसाळ्यात मारला तर पांढुरका होतो. गाडीवर आधीचा ड्युको शिल्लक असेल तर थिनरचा बोळा घासून पाहा. रंग बोळ्यावर आला तर तो एनसी आहे, त्यावर थेट पीयू मारल्यास खालचा थर उचलून सुरकुत्या पडतात. पत्र्यापर्यंत उतरवा.

जागेसाठी प्लॅस्टिकचा पडदा, ओली जमीन आणि हवा खेळती ठेवणारा पंखा. घरगुती एक्झॉस्ट फॅनची मोटर वाफेच्या वाटेतच येते आणि तिची एक ठिणगी पुरते. पंखा असा लावा की तो बाहेरून स्वच्छ हवा आत ढकलेल आणि वाफ दुसऱ्या बाजूच्या फिल्टरमधून जाईल. कॉम्प्रेसर पडद्याबाहेर ठेवा. त्याचा प्रेशर स्विच ठिणगी टाकतो आणि त्याच्या फिल्टरमध्ये रंगाचं धुकंही जायला नको. जवळ गिझर, शेगडी किंवा देव्हाऱ्यातला दिवा पेटता नको. महिने म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, सकाळी दव उडून गेल्यावर.

रंग मिसळताना डब्यावरचं प्रमाण पाळा आणि बी-४ कपाने (तळाला भोक असलेला कप, त्यातून रंग गळून जायला लागणारे सेकंद मोजायचे) घट्टपणा मोजा. पीयू रंगाला १८ ते २० सेकंद हा सुरुवातीचा आकडा ठीक. मिसळलेला पीयू दोन-चार तासांत गनमध्येच दगड होतो, म्हणून काम संपताक्षणी नीडल, नोजल, कॅप काढून धुवा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवली तर सील फुगतात. कॅपची भोकं लाकडी टूथपिकने साफ करा, तारेने ती मोठी होतात.

गाडीला हात लावण्याआधी भंगारातलं एक दार आणा आणि भिंतीवर कागद चिकटवून पंखा तपासा. एअर कॅप फिरवून पंखा आडवा करा आणि ओघळ येईपर्यंत ट्रिगर दाबून ठेवा. सगळे ओघळ सारखे उतरले तर पंखा बरोबर. मधले लांब आले तर हवा कमी आहे किंवा रंग जास्त. दोन टोकांचे लांब आले तर दाब जास्त, रंग कमी. एकाच बाजूला लांब आले तर कॅप १८० अंश फिरवून पुन्हा मारा. दोष बाजू बदलतो का? मग कॅपचं भोक बुजलं आहे. तिथेच राहतो? मग नोजल खराब. कपात बुडबुडे दिसले तर नोजल घट्ट बसलेली नाही. गन थुंकत असेल तर नीडलचं पॅकिंग सुकलं आहे किंवा कपाच्या झाकणाचं भोक बंद आहे. पंखा नीट झाला की २ बार, १५ ते २० सेंटिमीटर अंतर, निम्मा पट्टा मागच्यावर चढवत त्या दारावर प्राइमरपासून शेवटच्या कोटापर्यंत सगळं करून बघा, आणि ज्या दाबाला, ज्या स्क्रूच्या आट्यांना चांगला निकाल आला ते आकडे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा.